बाटल्यांची खोली

आमच्या म्हापशाच्या दुकानामागे एक खोली होती. खिडकी नाही, एकच दार, तेही बोळात उघडणारं. घरात तिला 'बाटल्यांची खोली' म्हणत. आत शिरलं की आंबूस-गोड वास यायचा. तळाशी उरलेल्या लिंबू-सोड्याचा, गोल्ड स्पॉटचा, थोडा फेणीचाही. मुंग्या बाराही महिने. मे महिन्याच्या सुट्टीत आम्हा पोरांना तिथे बाटल्या मोजायला बसवत. चोवीस झाल्या की क्रेट भरला. 24 चा पाढा मला अजून घडाघडा येतो, 17 चा मात्र अडखळत.

परवा धाकट्या भावाचा फोन आला. दुकान आता तो बघतो. म्हणाला, "ताई, ती सरकारची बाटली परत घ्यायची योजना खरंच सुरू झाली तर मी बाटल्या ठेवू कुठे? खोली तर आपण भाड्याने दिलीय." तेव्हा मी हसले, पण दोन दिवस ते डोक्यातून जाईना. इथे आपण सगळे देवळांचे, वाड्यांचे, शाळांचे इतिहास लिहितो. म्हटलं, एकदा रिकाम्या बाटलीचाही लिहावा.

आबांनी, म्हणजे आजोबांनी, दुकान टाकलं ते पोर्तुगीज अमलात. तेव्हा बाटली ही भांड्याकुंड्यांत जमा होणारी वस्तू होती. कुठल्या तरी मोठ्या घरात लिस्बनहून आलेली वाइन प्यायली जायची आणि ती बाटली मग वर्षानुवर्षं गावात फिरायची. आज तिच्यात खोबरेल, उद्या रॉकेल, परवा माडाचा विनागर. भट्टीवाला फेणी आणायचा ती गर्राफांवातून. ती पोटाळ, आखूड मानेची काचेची बरणी ज्यांनी पाहिलीय त्यांना वर्णन करून सांगायला नको. गिऱ्हाईक आपली बाटली घेऊन यायचं. नसेल तर दुकानातली मिळायची, पण तिचे पैसे वेगळे ठेवून जायचे आणि बाटली आणली की परत न्यायचे. याला कुठला कायदा नव्हता आणि कुणाला तो हवा आहे असं वाटलंही नव्हतं.

गोटी सोड्याचंही तेच. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाची ही बाटली, पेटंट 1872 चं. मानेत काचेची गोटी, तोंडाशी रबराची कडी. आतल्या वायूच्या दाबाने गोटी वर चढून कडीला घट्ट बसते आणि स्वतःच बूच होते. गोटी काढायची तर बाटली फोडायलाच हवी, म्हणून पोरं ती फोडायची. इंग्लंडातही सोडावाल्यांची हीच रड होती. आमच्याकडे बाटली फोडणाऱ्या पोराला आबा काही बोलत नसत, त्याच्या बापाच्या खात्यावर मांडून ठेवत.

अनामत घ्यायची ही रीत किती जुनी, तर डब्लिनमधल्या एका सोडावॉटर कंपनीने 1800 सालीच जाहीर केलं होतं की बाटल्या परत करणाऱ्याला डझनामागे दोन शिलिंग मिळतील. कारण उघड होतं. आतल्या पाण्यापेक्षा बाहेरची काच महाग. आपल्याकडे काच बनवणं हेच मुळात एवढं अवघड मानलं जाई की त्यासाठी तळेगावचा कारखाना 1908 साली लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभा राहिला. 'पैसाफंड' हे नाव जुन्या मंडळींना आठवत असेल. मुंबईच्या आमच्या आत्याकडे आरेचं दूध काचेच्या बाटलीत यायचं, वर पातळ पत्र्याचं झाकण. रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. रिकामी फुटली तर आत्या आख्खा दिवस तोंड पाडून बसायची.

आता खोलीकडे वळते, कारण सगळं तिच्यावरच अडलंय.

आबांच्या खतावणीत एक वेगळं पान असे. वर मथळा : 'रिकाम्या येणे'. शीतपेयाच्या कंपनीचा टेम्पो आठवड्यातून एकदा यायचा, भरलेले क्रेट ठेवायचा, रिकामे उचलायचा. पहिल्यांदा माल घेताना बाटल्यांचं आणि क्रेटचं डिपॉझिट कंपनीकडे भरावं लागे. पुढे रिकाम्याच्या बदल्यात भरलेली, एवढंच चाले. बहुतेक गिऱ्हाइकं दुकानासमोर उभ्यानेच पीत. घरी न्यायची तर पैसे ठेवून. एका बाटलीमागे आम्हाला जे काही सुटायचं त्यातच खोलीची जागा, बाटल्या विसळणाऱ्या पोराची मजुरी आणि फूट धरलेली असे. फूट आमची. तोंडाशी जरा खपली उडालेली बाटली दिसली की टेम्पोवाला ती बाजूला काढून आमच्याच पायरीवर ठेवून जायचा. म्हणजे रिकामी बाटली फुकट परत जात नव्हती. तिच्या परतीचा खर्च दुकानदार करायचा आणि त्याचा मोबदला त्याला विक्रीच्या नफ्यातून मिळायचा. हे तेव्हा कुणी मांडून दाखवलं नाही, कारण सगळं सुरळीत चाललं होतं.

1977 साली कोका-कोला देशातून गेली, थम्स अप आलं. 1993 मध्ये कोका-कोला परतली. आमच्या खोलीला या उलथापालथींचं सोयरसुतक नव्हतं. क्रेटचा रंग तेवढा बदलला. खरा बदल आणला तो प्लास्टिकच्या बाटलीने. पेटची बाटली अमेरिकेत नॅथॅनियल वायथ या इंजिनिअरने काढली, पेटंट 1973 चं. (प्रसिद्ध चित्रकार अँड्र्यू वायथ त्याचा भाऊ.) आपल्याकडे ती नव्वदीत दुकानांत भरली. हलकी, न फुटणारी, परत न करायची. 'परत न करायची' ही सोय कुणाची होती? आम्हाला तर ती आमचीच वाटली. बाबांनी कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब करून दाखवला की खोली मोकळी झाली तर वर्षाला किती वाचतील. टेम्पोवाल्याला रिकामे क्रेट न्यायला परतीची फेरी नको झाली. कंपनीला धुण्याचा कारखाना नको झाला. गिऱ्हाइकाला पैसे ठेवायला नको. सगळेच खूश. आमचे 31 क्रेट तेवढे कंपनीकडे जमा व्हायचे राहिले. वितरक बदलला, नव्याने कानावर हात ठेवले, डिपॉझिट बुडालं. ते क्रेट नंतर कोंबड्यांच्या खुराड्याला, देवघराच्या पाटाखाली, केळीच्या रोपांना आडोसा म्हणून कामी आले.

तो हिशेब चुकीचा नव्हता, पण त्यात एक रकाना नव्हता. परतीचा खर्च संपला नव्हता, फक्त आमच्या खोलीतून बाहेर पडून गटारात, शेताच्या बांधावर, नदीत आणि शेवटी नगरपालिकेच्या गाडीत गेला होता.

गोव्याला हे लवकर दिसलं, कारण इथे पिणारे आणि फेकणारे दोन्ही पाहुणे. 1996 मध्ये राज्याने न कुजणाऱ्या कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा केला. 2016 मध्ये साळगावला कचरा प्रक्रियेचा प्रकल्प सुरू झाला. 2019 मध्ये किनाऱ्यावर उघड्यावर पिण्याला दंड आला, एकट्याला 2,000 रुपये, टोळक्याला 10,000. या दंडाबद्दल माझं मत सांगते. एवढ्या लांब किनाऱ्यावर दंड घ्यायचा तर प्रत्येक झुडपामागे शिपाई उभा करावा लागेल. उलट पडलेल्या बाटलीवर पाच-दहा रुपये मिळणार असतील तर ती उचलायला कुणाला पाठवावं लागत नाही. माणसं आपोआप येतात. लग्नघरापाठीमागे रिकाम्या गोळा करणारी आमच्या आळीतली पोरं मी पाहिली आहेत. त्यांना स्वच्छतेची आवड नव्हती, त्यांना संध्याकाळी भेळ खायची होती.

हाच विचार अमेरिकेत ऑरेगॉन राज्याने 1971 साली कायद्यात आणला. अंमल ऑक्टोबर 1972 पासून. बिअर आणि शीतपेयाच्या बाटली-डब्यावर 5 सेंट अनामत. जी प्रमाणित बाटली धुऊन पुन्हा कुठलीही कंपनी भरू शकते तिच्यावर मात्र 2 सेंट. दुकानदाराने ती परत घ्यायचीच. पन्नास वर्षांपूर्वीचे 5 सेंट पुढे कुणी वाकून उचलेना, तेव्हा त्यांनी कायद्यात कळ बसवली : परतीचं प्रमाण सलग दोन वर्षं 80 टक्क्यांखाली गेलं तर अनामत दुप्पट. ते गेलं, आणि 1 एप्रिल 2017 पासून 10 सेंट झाले. बाटल्याही परत येऊ लागल्या. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. आपल्याकडे रक्कम ठरली की ती दगडावर कोरल्यासारखी राहते.

कॅलिफोर्नियाने 1986 मध्ये कायदा केला, पण त्यांनी दुकानदाराला वगळलं. बहुधा तिथल्या दुकानदारांनीही माझ्या भावासारखंच विचारलं असणार, ठेवू कुठे? मग त्यांनी असं केलं की प्रत्येक मोठ्या सुपरमार्केटच्या अर्ध्या मैलाच्या परिघात एक बाटली-केंद्र हवं. वितरकाने प्रत्येक बाटलीमागे सरकारी निधीत पैसे भरायचे, केंद्राने लोकांना अनामत परत द्यायची आणि ती निधीतून वसूल करायची. शिवाय केंद्राला जगवायला वेगळी रक्कम : बाटली हाताळण्याबद्दल एक, आणि गोळा करण्याचा खर्च व भंगाराचा भाव यांतला फरक भरून काढणारी दुसरी. परिघात केंद्र नसेल तर दुकानाने बाटल्या स्वतः घ्यायच्या, नाहीतर दिवसाला 100 डॉलर भरायचे. बऱ्याच दुकानांनी 100 डॉलर भरणं पसंत केलं!

ही व्यवस्था बरीच वर्षं बरी चालली. मग 2015 च्या आसपास भंगाराचा भाव पडला. केंद्रांना मिळणाऱ्या रकमेचं सूत्र मागच्या आकड्यांवरच चालत राहिलं आणि केंद्रं शेकड्यांनी बंद पडली. 5 ऑगस्ट 2019 रोजी तिथल्या सर्वांत मोठ्या साखळीने उरलेली 284 केंद्रं एका दिवसात मिटली. गिऱ्हाईक दुकानात 5 सेंट, मोठ्या बाटलीवर 10 सेंट भरतच होतं, पण परत घ्यायला जायचं कुठे? अनामत म्हणून घेतलेली रक्कम त्यांच्यापुरती निव्वळ करच झाली. पुढे 2022 मध्ये कायदा सुधारून वाइन आणि कडक दारूच्या बाटल्याही त्यात घेतल्या, दुकानांनी एकत्र येऊन परतीची सोय करावी असंही ठरवलं. म्हणजे फिरून पुन्हा दुकानाच्याच दारात.

हे मी एवढं सविस्तर लिहिलं कारण आपल्याकडे चर्चा होते ती फक्त गिऱ्हाइकाच्या रुपयांची. महाराष्ट्रात 2018 च्या प्लास्टिकबंदीत अर्ध्या लिटरच्या बाटलीवर 2 रुपये आणि लिटरच्या बाटलीवर 1 रुपया परतीची किंमत छापायची असं ठरलं. सावंतवाडीच्या माझ्या नणंदेच्या दुकानात तेव्हा एक माणूस सहा बाटल्या घेऊन आला होता. नणंद म्हणाली, भाऊजी, मला हे कोण देणार? त्यालाही उत्तर येईना. बाटल्या तिथेच ठेवून तो गेला. ती योजना दुकानांत कधी रुळलीच नाही.

त्या मानाने निलगिरीत जमलं. जंगलात फुटलेल्या दारूच्या बाटल्यांनी हत्तींचे पाय कापतात, हे प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं आणि 2022 पासून तिथल्या सरकारी दारूच्या दुकानांत बाटलीमागे 10 रुपये जास्त घेऊन परतीला ते द्यायला सुरुवात झाली. लोकांनी बाटल्या आणल्या, खूप आणल्या. पुढे योजना दुसऱ्या जिल्ह्यांत पसरली तेव्हा तक्रार केली ती दुकानांतल्या नोकरांनी : जागा नाही, माणसं नाहीत, विक्री सांभाळू की रिकाम्या मोजू? केदारनाथच्या वाटेवरही 2022 मध्ये प्लास्टिकच्या बाटलीवर संकेताचं लेबल लावून 10 रुपयांची अनामत सुरू झाली. हैदराबादच्या मंडळींना सांगायला हरकत नाही, ती यंत्रणा तुमच्या शहरातल्या कंपनीची.

आणि ऑगस्ट 2024 मध्ये गोवा सरकारने राजपत्रात अनामत-परताव्याची योजना काढली. राज्यभरासाठी अशी योजना काढणारं देशातलं पहिलं राज्य म्हणून तिचा गवगवा झाला. छापील किमतीवर अनामत वेगळी घ्यायची, वेष्टणावर प्रत्येकाचा स्वतंत्र संकेत, तो वाचून पैसे परत. व्यापाऱ्यांनी, विशेषतः दारूवाल्यांनी, लगेच हरकती घेतल्या. वर्तमानपत्रांत 'व्यापाऱ्यांचा विरोध' असे मथळे आले आणि वाचणाऱ्याला वाटलं, यांना किनारा घाण राहिलेला चालतो.

स्वतंत्र संकेत का लागतो हे सीमेवरच्यांना लगेच कळेल. बांद्याला अनामत नसलेली बाटली घ्यायची आणि पेडण्यात ती देऊन पैसे घ्यायचे, हे डोकं आपल्याकडे चालणारच नाही असं कोण म्हणेल? कॅलिफोर्नियात शेजारच्या ॲरिझोना, नेवाडातून ट्रक भरभरून डबे आणणारे पकडले गेलेत. उलटही आहे. गोव्यात घेतलेली बाटली चोर्लाघाटाने बेळगावला गेली, तिथल्या गच्चीवर उघडली गेली, की तिची अनामत परत मागायला कुणी येणार नाही. किनाऱ्यावरून रात्रीच्या बसने परतणाऱ्या पर्यटकाचंही तेच. गोव्यासारख्या राज्यात न मागितलेली अनामत भरपूर साठणार, हे सांगायला तज्ज्ञ नको.

तो पैसा कुणाचा? मिशिगन राज्यात न मागितलेल्या अनामतीचे 75 टक्के सरकार घेतं, तेही पर्यावरणाच्या कामाला, आणि 25 टक्के दुकानदारांना जातात. मी हे भावाला सांगितलं तेव्हा तो एकदम गप्प झाला आणि मग म्हणाला, "असं असेल तर खोलीचं बघू."

मला वाटतं, भांडायचं तर यावर भांडावं. योजना नको म्हणून नाही. बाटली परत घेणाऱ्याला प्रत्येक बाटलीमागे काय मिळणार, फूट कोणाची, टेम्पो किती दिवसांनी येणार, एवढं कागदावर हवं. आणखी एक. आमच्या बोळात पहाटे पोतं घेऊन येणारी एक बाई आहे. बिअरची बाटली उचलते, वाइनची तिथेच ठेवते, कारण भंगारवाला ती घेत नाही. अनामत आली तर सगळ्यात आधी तिला कळेल. पण पैसे फोनवरच मिळणार असतील तर तिच्याकडे तसा फोन नाही. आबांच्या गल्ल्यातून पोरांच्या हातावर नाणी पडायची, तशी सोय तिच्यासाठी ठेवावी लागेल.

ही रीत आपण विसरलोय असंही नाही. गॅसच्या सिलिंडरवर डिपॉझिट आहे, घरी येणाऱ्या 20 लिटरच्या पाण्याच्या जारवरही आहे. जार कुणी गटारात टाकलेला पाहिलाय? रिकामा न्यायला जो येतो त्याला त्या फेरीचे पैसे मिळतात, म्हणून तो येतो.

खोलीत आता मोबाईल दुरुस्तीवाला बसतो. भाडं वेळेवर देतो, पोरगा चांगला आहे, त्याला उठवायचं कुणाच्याच मनात नाही. तरी रविवारी भावाने टेप लावून मोजली : आठ फूट बाय सहा. मला फोनवर विचारलं, सहा उंच लावले तर क्रेट किती बसतील? मी बोटं मोजत बसले. तेवढ्यात त्याने माळ्यावरून आबांची शेवटची खतावणी काढली आणि त्या पानाचा फोटो पाठवला. अक्षर बाबांचं. 'रिकाम्या येणे : क्रेट 31.' खाली जमेचा रकाना कोरा आहे.